जुसबभाईंनी रंगवलेलं स्प्लिंट

काठीच्या टोकाला जे लटकून वर आलं ते बघून जुसबभाईंनी काठी तशीच हवेत धरून ठेवली. तांब्याच्या देगीत गेलं तेव्हा ते शेरबानूच्या डाव्या हाताच्या मापाचं, नीट वळणाचं, बोटांना आधार देणारं प्लास्टिकचं स्प्लिंट होतं. बाहेर आलं ते कच्च्या पापडासारखं लोंबत होतं. आणि एवढं करून रंग काही चढलाच नव्हता. जेमतेम गुलाबी झालं होतं.

"लाल कुठंय?" शेरबानूनं विचारलं.

"थांब जरा."

"तुम्ही लाल म्हणाला होतात, अब्बा. हे तर हिरड्यांसारखं झालंय."

जुसबभाई तीस वर्षं बांधणी रंगवत होते. रेशीम, सूत, लोकर, एकदा तर कुणाच्या वरातीच्या घोड्याची झूल. समोर येईल ते उकळत्या रंगात घालायचं आणि खालीवर करायचं, हाच त्यांचा धंदा. हे प्लास्टिक गरम पाण्यात आकार सोडतं, हे दवाखान्यात त्यांच्यादेखत दोनदा घडलं होतं. पण दवाखान्यात ते भिंतीकडे बघत बसायचे.

त्याला कारण होतं. उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, कटलेल्या पतंगाचा मांजा शेरबानूनं पकडला, त्याचं दुसरं टोक जाणाऱ्या रिक्षात अडकलं आणि दोरा करंगळीच्या बाजूनं तिच्या मनगटात उतरला. ओट्यावरून "धर, धर, सोडू नको" असं ओरडणारे जुसबभाईच होते. तुटलेली नस डॉक्टरांनी त्याच रात्री जोडली. ती रोज जेमतेम मिलिमीटरभर वाढेल, बोटाच्या टोकापर्यंत संवेदना पोचायला बरेच महिने लागतील, आणि तोवर स्प्लिंट घातलं नाही तर शेवटची दोन बोटं आत वळतील ती वळतीलच, असं त्यांनी बजावलं होतं. आता मे उजाडला होता. करंगळी अजून लाकडाची होती.

दोन दिवसांपूर्वी शेरबानूनं स्प्लिंट बाजरीच्या कोठीत पुरून ठेवलं. गल्लीतल्या पोरी त्याला मेलेल्या माणसाचा हात म्हणतात, तेव्हा लाल करून द्या, नाहीतर घालणार नाही, असं तिनं जाहीर केलं. दहा वर्षांच्या पोरीपुढं बापानं हात टेकले आणि देग चुलीवर चढवली.

जेनाब आतून बाहेर आली. ही जुसबभाईंची थोरली बहीण, सगळ्या पोरांची फई, म्हणजे आत्या. ती कापड बांधायची, भाऊ रंगवायचा. तिनं काठीकडं बघितलं, मग भावाकडं.

"जुसा, बिऱ्याणीत पण घालून बघायचं होतंस."

"पोरगी ऐकत नव्हती."

"पोरगी कुणावर गेलीय?" असं म्हणून तिनं शेरबानूचा हात ओढून घेतला. "उद्या दवाखाना. तोवर तुझी बोटं मीच सरळ धरून ठेवीन. चल, डोळे मीट."

सकाळ-संध्याकाळचा हा नेम होता. डोळे मिटलेल्या पोरीच्या बोटांना फई काहीतरी लावायची आणि पोरीनं ते ओळखायचं. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट पटापट सांगायचे. करंगळीची पाळी आली की शेरबानू ठोकून द्यायची.

"बाजरी."

"कापूस होता."

"मग कापसाला सांग, नीट लागत जा म्हणावं."

फईला हसू आलं, पण तिनं ते दाखवलं नाही. तिनं करंगळीचं नख न्याहाळलं. बांधणी बांधणाऱ्या बाईच्या डाव्या करंगळीला लांब नख लागतं. त्याच्या टोकानं कापड खालून उचलायचं आणि वर आलेल्या कणाएवढ्या टोकाला दोरा गुंडाळायचा. शेरबानूनं सातव्या वर्षी ते वाढवलं होतं, आणि आठव्या वर्षी तिच्या गाठी फईच्या गाठींत मिसळून जायच्या. बोट बधिर आहे, कुठंतरी अडकून दुखापत होईल, नख कापा, असं दवाखान्यात सांगितलं होतं. फईनं कानसून टोक बोथट केलं, थोडं आखूडही केलं, पण कापलं नाही. दवाखान्याचं बाकी सगळं ती तंतोतंत पाळायची. एवढं एकच तिला मान्य नव्हतं.

तेवढ्यात घरोघरी बांधायला कापडं वाटणारी अमरतबेन गठ्ठा घेऊन आली. तिनं फईपुढं दोन ओढण्या टाकल्या आणि शेरबानूकडं बघून चुकचुकली.

"हिला आता दुसरं काही शिकव, जेनाब. नख कशाला ठेवलंयस, शोभेला?"

"तुझी जीभ टोकाला धरून बांधायला," फई म्हणाली. "तीन ओढण्या टाक. तिसरी हिच्यासाठी. पावसाळा सरल्यावर देईन."

अमरतबेन तिसरी न टाकताच गेली. शेरबानूनं तिच्या पाठीकडं बघून जीभ बाहेर काढली, पण संध्याकाळी तिनं जेवताना डावा हात ओढणीखालीच ठेवला. जुसबभाईंनी ते पाहिलं आणि अर्ध्या भाकरीवरून उठले.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात हाताचे व्यायाम आणि स्प्लिंट बघणाऱ्या विभूतिबेननी तो गुलाबी पापड दोन बोटांत धरून उचलला.

"हे काय आहे, जुसबभाई?"

"रंगवत होतो."

"उकळत्या पाण्यात?"

"रंग उकळताच लागतो, बेन."

विभूतिबेननी ओठ घट्ट मिटले. मग त्यांची नजर नखाकडं गेली. "आणि हे अजून आहेच?"

"आहे," फई म्हणाली. "बोट जागं झालं की लागेल."

"आणि नाही झालं तर?"

"तर माझ्यावर सोपवा. मी बघीन त्याच्याकडं."

विभूतिबेननी ट्रेमधल्या गरम पाण्यात स्प्लिंट सोडलं, मऊ झाल्यावर काढून पुसलं आणि आधी स्वतःच्या मनगटाला लावून पाहिलं. पोरीला चटका कळत नाही, म्हणून त्या नेहमी तसंच करायच्या. मग हात धरून त्यांनी ते तळव्यावरून करंगळीच्या मुळाशी दाबत नेलं.

शेरबानूनं हात मागं घेतला.

"हलू नको, आकार बिघडेल."

"गरम आहे."

"मनगटाला?"

"नाही. इथं." तिनं उजव्या हातानं करंगळीचं मूळ दाखवलं. "थोडंसं. पण गरम."

विभूतिबेन थांबल्या. ही पोरगी कापसाला बाजरी म्हणते, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी दोन छोट्या बाटल्या घेतल्या, एकीत ट्रेमधलं पाणी, दुसरीत माठातलं, आणि शेरबानूचे डोळे स्वतःच्या तळव्यानं झाकले.

"गार," शेरबानू म्हणाली. "गरम. गार. गार. परत गार लावलीत, मला फसवताय."

सगळं बरोबर होतं. टोकाला लावलं तेव्हा मात्र या खेपेला तिनं काही ठोकून दिलं नाही.

"अजून तिथं नाही आलं," ती म्हणाली.

"येईल," विभूतिबेन म्हणाल्या. "थंडी-गरमी आधी येते. स्पर्शाला उशीर लागतो." त्यांनी मऊ स्प्लिंट पुन्हा हातावर बसवलं, कडा दाबल्या, गार होऊ दिलं आणि पट्ट्या आवळल्या. ते आता अगदी बेतलेल्या चोळीसारखं बसलं होतं. फई ओढणीचं टोक तोंडावर धरून खिडकीबाहेर बघत राहिली होती.

जुसबभाई या वेळी भिंतीकडं बघत नव्हते. ते खुर्चीवरून उठले, टेबलाशी आले, आणि लेकीच्या हाताकडं बराच वेळ वाकून बघत राहिले.

"बेन," ते म्हणाले, "हे जरा वाकडं बसलंय."

"कुठं वाकडंय?"

"आहे जरासं. परत एकदा गरम पाण्यात टाका ना."

विभूतिबेननी त्यांच्या तोंडाकडं बघितलं. मग एकेक पट्टी सोडवली आणि स्प्लिंट ट्रेमध्ये टाकलं. कुणी सांगायच्या आतच शेरबानूनं डोळे मिटले आणि हात पुढं केला.