आढ्याचा ऐन

१९६६ च्या मे महिन्यात, शाळेची सुटी संपायला थोडे दिवस असताना, अण्णांनी मला अकरावा अर्ज सांगितला आणि मी तो नेहमीसारखा लिहून घेतला. जमीन अडीच एकर, चतुःसीमा चारही बाजूंना राखीव जंगल. मागणी एकच होती: आमच्याच बांधावरचं ऐनाचं एक झाड तोडू द्यावं. घराच्या आढ्याला वाळवी लागली होती आणि पाऊस पंधरा दिवसांवर आला होता.

"खाली 'आपला आज्ञाधारक' लिही हं, मंदा," अण्णा म्हणाले.

अकराव्यांदा लिहिलं. मला त्या शब्दांची चीड येई, थोडी अण्णांचीही.

जमीन आजोबांपासून आमची. पण भोवतीचं जंगल राखीव झाल्यावर तिच्यावरचं झाड तोडायला, भिंत वाढवायला, विहीर खणायला परवाना लागू लागला. जंगल खात्याच्या साहेबांनी अण्णांना एकदा समजावून सांगितलं होतं की मालकी तुमचीच, त्याबद्दल वाद नाही, फक्त तिथे काही करू नका. हे ते बंगल्याच्या ओसरीत बसून बोलले. ओसरीचे आठही खांब ऐनाचे होते. अण्णांनी खांबांची तारीफ केली. त्यांना टोमणा मारता येत नसे. लाकूड खरंच चांगलं होतं.

त्या संध्याकाळी नवशा आला. शेजारच्या पाड्यावरचा वारली, आमच्या शेतात वाट्याने भात लावणारा. झाड तोडण्याआधी तो बुंध्याशी चिमूटभर तांदूळ ठेवून झाडाला विचारतो. त्याला विडी पेटवण्याइतका वेळ लागतो.

"अण्णा, कागूद कशाला? झाड तुजाच हाय," तो म्हणाला. "सकालचा काम. तोडू का?"

"परवाना येईल रे."

नवशाने माझ्याकडे पाहिलं. मी दौतीचं झाकण लावत होते, ती लावतच राहिले.

दुसऱ्या दिवशी मी अर्ज टपालात टाकायला बोईसरला गेले. मागे अण्णा आढ्याला बांबूचा टेकू द्यायला शिडीवर चढले. आढं त्यांना घेऊनच खाली आलं.

तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी जंगल खात्याचा गार्ड उत्तर घेऊन आला. टोपी काढून उभा राहिला, मग पोच म्हणून सही मागितली. अर्जदाराचे घर पडल्याचे समजते, सबब दुरुस्तीचे प्रयोजन उरलेले नाही, अर्ज दप्तरी दाखल. जंगलाच्या हद्दीत नवीन बांधकामास मनाई आहे. घर पडेल हे कचेरीला अकरा अर्जांतून समजलं नव्हतं. पडल्याचं मात्र पंधरवड्यात समजलं. कागदात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. तो अण्णांच्या नावाने होता.

फेरविचार हवा असेल तर नव्याने अर्ज करा, गार्ड म्हणाला. तुमचं अक्षर साहेबांना आवडतं.

मी सही केली. मागे नवशा ढिगाऱ्यातून अखंड कौलं वेचून रचत होता. मी डब्यातले मूठभर तांदूळ आणून त्याच्या ओंजळीत घातले, आणि गार्डला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलले.

"नवशा, झाडाला विचार. आणि तोड."