माझी सर्वांत मोठी नळी

बिलकीसबाई गेल्याचे मला शेषेराव मास्तरांकडून कळले. त्या सकाळी त्यांचा नवरा निजामोद्दीन माझ्या दुरुस्तीला यायचा होता. दार उघडून आत आले ते मास्तर. माझ्या लाकडावर हात ठेवून म्हणाले, "आज न्हाई येणार तो. भाभी गेल्या."

मित्रांनो, मी लातूरच्या एका मिशनच्या सभागृहातला जुना पाइप ऑर्गन आहे. निजामाच्या राजवटीत मला परदेशातून आणून इथे उभे केले. तुम्ही भजनातली पेटी पाहिली असेल. मीही वाऱ्यावरच चालतो, पण माझा भाता कपाटाएवढा आहे. त्याचा वारा नळ्यांत शिरला की सूर निघतो. काही नळ्या पेन्सिलीएवढ्या आहेत. सर्वांत मोठी लाकडी नळी छताला टेकते. तिचा सूर कानाआधी पोटाला कळतो.

दर नाताळात मास्तर वाद्यवृंद बसवत. व्हायोलिनवाले नांदेडहून येत. क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट वाजवणारे इथल्याच लग्नाच्या बँडमधले. मास्तर मला वाजवत आणि निजामोद्दीन माझ्या पाठीमागे भात्याचा दांडा हलवी. त्याचे चामड्याचे दुकान होते, म्हणून भात्याला ठिगळही तोच लावी. मागून त्याला काही दिसत नसे. लोक गेले की तो पुढे येऊन बायकोला विचारी, "कसं झालं?"

"तुमची मोठी नळी वाजली की बाकडं गुदगुल्या करतंय."

"आन् व्हायोलिन?"

"ते रडतंय लई. नळी त्याला उगी करती, लेकराला करत्यात तसं."

मग भूकंप झाला. किल्लारीकडची गावे पडली. आमचे सभागृह मात्र पडले नाही. त्या नाताळात गेलेल्या माणसांसाठी वाजवायचे ठरले. लोक आले, पण दाराजवळच बसले. मास्तरांनी मोठ्या नळीचा सूर सोडला. बाकडी थरथरली, खिडक्यांच्या काचा वाजल्या.

"हाललं! भाईर पळा!" कोणीतरी ओरडले.

चपला टाकून सगळे मैदानात पळाले. वादकही पळाले, मास्तरही पळाले. फक्त बिलकीसबाई बसून राहिल्या. मागे निजामोद्दीन बिचारा भाता भरतच होता.

"अवो, बस करा. कुणी न्हाई इथं."

"मग तू कामून बसलीस?"

"मला म्हाईत हाय ना, नळी हाय ती. जमीन न्हाई."

मास्तरांनी मोठ्या नळीच्या तोंडात पोत्याचा बोळा कोंबला. "लोकांची धास्ती जाऊ द्या, मग काढू," म्हणाले. धास्ती हळूहळू गेली, बोळा राहिला. बोळा कधी काढणार, एवढेच बिलकीसबाई दर नाताळात विचारत. "पुढच्या साली," असे उत्तर मिळे.

पुढे शहरात शिकवण्या वाढल्या. मुखेडची, बिलोलीची मुले खोल्या घेऊन राहू लागली. सभागृह एका क्लासला भाड्याने दिले. वाद्यवृंद थांबला. माझ्यावर दप्तरे पडू लागली. मुलांचा मला राग नाही. ती वाकून अभ्यास करत, वर कोणी बघतच नसे. वारा मिळाला नाही की माझे चामडे तडकते. तसे ते तडकले.

यंदा क्लास मोठ्या इमारतीत गेला. मास्तरांनी पुन्हा वाद्यवृंद जमवला. बिलकीसबाई स्वतः येऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या. "आता तर नळी मोकळी करा. ह्या पोरांला भूकंप म्हाईतबी न्हाई. कोण पळतंय?"

निजामोद्दीनने बोळा काढला. आत, नळीत वारा सोडणाऱ्या झडपेचे चामडे भुगा झाले होते. आधी भाता, मग लहान नळ्या, मोठी शेवटी, असे त्याने ठरवले. भाता झाला. लहान नळ्या झाल्या. आणि बिलकीसबाईंना ताप आला. मोठ्या नळीची पाळी होती त्या सकाळी मास्तर एकटेच आत आले.

नाताळात मी वाजलो. व्हायोलिन रडले, ट्रम्पेट चढला. क्लासची मुलेही आली होती आणि शेवटपर्यंत बसली. निजामोद्दीनने भाता हलवला. सगळे गेल्यावरही तो मागेच बसून राहिला.

मास्तर म्हणाले, "निजामभाई, झडपेला चामडं आणू का?"

"कापून ठेवलंय, मास्तर. ती असतानाच कापलंय. बसवायला हात उठंना."

मित्रांनो, तुमच्या शाळेत, देवळात, मशिदीत किंवा घरात जुनी वस्तू पडून असेल, तर तिच्यावर दप्तर ठेवू नका. ती कोणाला आवडत होती ते विचारा. ते माणूस असेपर्यंत तिला दुरुस्त करा.

मी बाकी सगळा वाजतो. मोठ्या नळीचे चामडे अजून बसवायचे राहिले आहे.