रुंद पट्टे

हाताने काढलेली सरळ रेघ ही मानवी संस्कृतीची पहिली पायरी होय, असं माझं फार जुनं मत आहे. जेवणाच्या टेबलाशी बसून हे मत मी मोठ्याने मांडत होतो, तेवढ्यात माझ्या हातातल्या ब्रशने हिरवी रेघ बाणावरून उतरवून थेट टेबलक्लॉथवर नेली. शेजारी बसलेली बायको म्हणाली, "काही सांडलंत का? वास येतोय."

नाही म्हणालो आणि त्यावर वर्तमानपत्र सरकवलं.

बायको निवृत्त नर्स. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी तिने तिरंदाजी सुरू केली, तेव्हा मला वाटलं गुडघ्यांसाठी असेल. मी वजनमापे खात्यातला निरीक्षक, तोही निवृत्त. धनुष्य मला ओढवत नाही, म्हणून बाण रंगवायचं खातं माझ्याकडे आलं. एका लक्ष्यावर दोघा-तिघांचे बाण रुततात, आपला कुठला हे पट्ट्यांवरून ओळखायचं. कार्बनचा बाण काळा, गुळगुळीत. रंग त्याला धरत नाही. आधी बारीक पॉलिशपेपर हलक्या हाताने फिरवायचा, स्पिरिटने पुसायचा, मग शिलाई मशीनच्या जुन्या मोटरला जोडून गरगर फिरवायचा. ब्रश जागच्या जागी धरला की पट्टा आपोआप उमटतो. आपण फक्त हलायचं नाही. सरकारी नोकरीत मी एवढंच शिकलो होतो.

दोन वर्षांपूर्वी तिच्या डोळ्यांत बिघाड निघाला. डॉक्टर म्हणाले, मधलं दिसायचं जाईल, कडेचं राहील. म्हणजे समोरच्याचं तोंड जातं, कान उरतात. तुमच्या बाबतीत नुकसान फार नाही, असं ती मला रिक्षात म्हणाली.

मी पट्टे रुंद करायला घेतले. पहिले काडीएवढे होते, ते बोटाएवढे केले. मग दोन बोटं. शेवटी अर्धा बाण लाल आणि पिवळा झाला. तिच्याच लक्ष्यावर नेम धरणारा शिंपी म्हणाला, "वहिनी, सर्कस आली म्हणायची." दिसतंय ना नीट, मी दर वेळी विचारायचो. छान दिसतंय, ती म्हणायची.

मग एके दिवशी तिरंदाजी क्लबच्या मास्तरीणबाईंनी मला बाजूला घेतलं. येत्या रविवारची स्पर्धा शेवटची, त्यानंतर तिला धनुष्य देता येणार नाही, बाण कुणाला तरी लागेल. घरी तुम्हीच सांगा, म्हणाल्या. मी मान हलवली. घरी आल्यावर भाजी काय करायची ते विचारलं.

सांगायचं धाडस नव्हतं, तेव्हा मी लबाडी करायचं ठरवलं. माणूस शेवटचा खेळणार, तर निदान गुण घेऊन घरी यावा. शिंप्याचा नेम चुकत नाही. त्याच्या बाणांवर विकतचे स्टिकर, हिरवा-पांढरा-हिरवा. तिच्या बाणांवर हुबेहूब तसेच पट्टे काढायचे, म्हणजे कुठला कुणाचा हे कुणालाच कळणार नाही. गुण लिहायला मीच बसायचो.

मोटर दिली होती ती शिंप्यानेच, म्हणून बेतही त्यालाच आधी सांगितला. त्याने कात्री खाली ठेवली.

"भाऊ, तुम्ही वजनमापे निरीक्षक होतात ना?"

"निवृत्त," मी म्हणालो.

त्याने समोरच्या कापडाची घडी घातली. मग म्हणाला, माझे चांगले ते सगळे वहिनींच्या नावावर घाला.

चार दुपारी मी रंगवत बसलो. ती शेजारी बसून मोटरची घरघर ऐकायची. एकदा तिने विचारलं, या वेळी कुठला रंग? तुझाच, लाल-पिवळा, असं मी सांगितलं. ती बरं म्हणाली.

रविवारी तिने आणि शिंप्याने सहा-सहा बाण सोडले. मास्तरीणबाई तिच्या मागे उभं राहून, थोडं डावीकडे, आता वर, असं हळू आवाजात सांगत होत्या. मी वहीत डोकं घालून बसलो, कारण बघवत नव्हतं. मग आम्ही तिघं लक्ष्यापाशी गेलो. शिंप्याने मध्याला लागून असलेल्या बाणावर हात ठेवला. "वहिनी, हा तुमचा. नऊ."

मी नऊ लिहिले.

तिने हात पुढे केला, बाण चाचपला आणि पट्ट्यांवरून एकदा अंगठा फिरवला.

"हा तुमचा, भाऊजी," ती शिंप्याला म्हणाली. "हा स्टिकर आहे, गुळगुळीत. यांनी काढलेल्या पट्ट्याला शेवटी गाठ असते. ब्रश उचलताना यांचा हात थरथरतो." मग मला म्हणाली, "माझे मागच्या जाळीत असतील. सगळे. नऊ खोडा."

मी खोडले. आयुष्यात कधी नोंद खोडली नव्हती.

"कधीपासून हाताने ओळखतेस?" मी विचारलं.

"पट्टे बोटाएवढे झाले तेव्हापासून. तीस वर्षं अंधाऱ्या वॉर्डात नसा बोटांनीच शोधल्या ना."

"म्हणजे नंतरचे सगळे..."

"तुम्ही इतक्या हौसेने रुंद करत होतात," ती म्हणाली. "काय सांगणार?"

शिंपी एकेक बाण उपटत राहिला, गरजेपेक्षा फारच सावकाश. आजचं हे शेवटचं, हे मला तिला सांगायचं होतं. मी वही मिटली. तिला ठाऊक होतं. मास्तरीणबाई आज तिला पहिल्यांदाच बाळ म्हणाल्या होत्या, तेव्हाच कळलं, म्हणाली. मी तिचं धनुष्य हातात घेतलं; ते मला वाटलं होतं त्याहून कितीतरी जड निघालं. आता आपण घरी बसून काय काय करू, मी तुला काय काय वाचून दाखवीन, असं बरंच काही बोलायचं मी मनात जुळवलं, आणि तोंड उघडलं.

तिने माझी बाही धरली.

"ते नंतर बोला. आधी मला बाथरूमपर्यंत सोडा. आणि बायकांच्या दाराशी सोडा हो. तीन महिने मी पुरुषांच्यात जातेय, आणि सगळे सभ्य मेले गप्प बसतात."