मोठा बंब, छोटा बंब

येशू बागेत गुडघे टेकून आकाशातल्या बापाला विनवतो, जमत असेल तर हे दुःख माझ्यावरून टळू दे म्हणतो, इथवर काकांनी प्रार्थनेच्या वेळी बायबलमधून नीट वाचलं. मग ते थांबले. लोकांना वाटलं, चष्मा घसरला असेल. "पुढे वाचा, काका," फादर हळूच म्हणाले. काकांनी पुस्तक मिटलं आणि आपल्या बाकाकडे न जाता ते सरळ चर्चबाहेर पडले.

काका अग्निशमन केंद्राचे प्रमुख. एकुलता एक मुलगाही त्यांच्याच तुकडीत. केंद्रात सगळे बापाला मोठा बंब आणि लेकाला छोटा बंब म्हणत. दोघांचा आवाज इतका सारखा, की फोनवर काकूंचीसुद्धा फसगत व्हायची. गेल्या वर्षी कापसाच्या गोदामाला आग लागली. आत रखवालदार अडकला होता. दाराशी पोचलेल्या मुलानं वळून विचारलं, "जाऊ?" काकांनी हो म्हणून मान हलवली. रखवालदार खिडकीतून सुखरूप बाहेर आला. त्याच्या पाठोपाठ मुलगा यायचा, तर छत खाली आलं.

दुपारी फादर केंद्रावर गेले. वयानं ते काकांच्या मुलाएवढेच. काका आवारात ओले पाइप वाळत घालत होते.

"चुकलं माझं," फादर म्हणाले. "तुम्हाला तो भाग वाचायला द्यायला नको होता."

"भागात काय वाईट आहे? मला फक्त एवढं सांगा, फादर. मुलानं विनवलं. बापानं काय उत्तर दिलं?"

फादर ओल्या पाइपाकडे बघू लागले.

"काहीच नाही ना? मी निदान मान तरी हलवली."

"काका, तो बाप लांब नव्हता. ते दोघं एकच. मुलानं जे सोसलं ते बापालाही लागलं, असं आपण मानतो."

"मीही मानत आलोय. पण माझ्या अंगावर ओरखडासुद्धा उठला नाही हो. मी बाहेर पाइप धरून उभा होतो."

फादरांनी झग्याच्या बाह्या वर सारल्या आणि पाइपाचं दुसरं टोक उचललं.

संध्याकाळी काका घरी आले तोवर काकूंच्या कानावर सगळं गेलं होतं.

"भर प्रार्थनेतून उठून गेलात म्हणे."

"लोक किती सहज म्हणतात, आकाशातल्या बापानं जगासाठी मुलगा दिला," काका म्हणाले. "मलाही तसंच म्हणतात. मोठ्या मनाचा माणूस, म्हणे. मेल्याहून मेल्यासारखं होतं."

काकूंनी विचारलं, "त्यानं विचारलं तेव्हा मास्क चढवलेला होता?"

"होता."

"आणि हवेची टाकी पाठीवर?"

"हो."

"मग ते विचारणं नव्हतंच. सांगणं होतं. लहानपणीसुद्धा आधी चपला पायात घालायचा आणि मग विचारायचा, खेळायला जाऊ का म्हणून."

काका पलंगावर टेकले.

"तो आपल्या पायांनी गेला, अहो. तुम्ही सारखं मी दिला, मी दिला म्हणता, मग त्याचं काय उरलं? तेवढं तरी त्याचं राहू द्या."

मुलाला पुरल्यापासून काका पहिल्यांदाच रडले. काकू शेजारी येऊन बसल्या. ना पाठीवरून हात फिरवला, ना गप्प व्हा म्हणाल्या. बराच वेळ नुसत्या बसून राहिल्या.

त्यानंतर काही दिवसांनी फादर चर्चमध्ये मेणबत्त्या लावायला आले, तर रिकाम्या चर्चमध्ये पुढच्या बाकावर काका.

"प्रार्थना चाललीय का? मी नंतर येतो."

"नाही, मागायचं काही नाही," काका म्हणाले. मग जरा थांबून बोलले, "फादर, येशू गेला तेव्हा त्याच्यापाशी आई होती. एक मित्रही होता. बापापाशी कोण होतं?"

फादरांनी काडेपेटी खिशात ठेवली.

"म्हणून म्हटलं, जरा त्याच्यापाशी बसावं."

फादरांनी मेणबत्त्या तशाच ठेवल्या आणि पाय न वाजवता ते दाराकडे गेले. बाहेर पडताना त्यांनी मागे वळून पाहिलं. काका बाकाच्या एका कडेला बसले होते, शेजारी एक माणूस मावेल एवढी जागा ठेवून.