आर आला की दुप्पट

लेथवर माझी अकरा वर्षं झाली, नवऱ्याची नऊ. शेड एकच, मशिनं समोरासमोर. फोरमनची जागा निघाली तेव्हा दोघांनीही परीक्षेला बसायचं ठरवलं. मला ती जागा हवी होती. हवी म्हणजे हवीच होती, उगाच साळसूदपणा कशाला!

आमच्या ह्यांचं घोडं अडायचं सूत्रापाशी. कापायचा वेग म्हणजे पाय गुणिले व्यास गुणिले फेरे, भागिले हजार. त्यातून मशीनचे मिनिटाचे फेरे काढायचे. महिनाभर जेवणाच्या टेबलावर मी शिकवत होते.

"अहो, फेरे एका बाजूला एकटे ठेवा. वेगाबरोबर हजार वर, पाय आणि व्यास खाली."

"आलं लक्षात."

कसलं डोंबलाचं लक्षात! वेग तीस घातला, व्यासाच्या जागी पंचवीस. उत्तर तीनशे ब्याऐंशी.

"ड्रॉइंगवर आर पंचवीस लिहिलंय. आर म्हणजे त्रिज्या. आर आला की दुप्पट करायचं, किती वेळा सांगू? एकशे एक्क्याण्णव फेरे हवेत. तुमच्या आकड्यावर फिरवलं तर कापायचं टूल जळेल."

अर्ज द्यायच्या दिवशी माझी दुसरी पाळी होती, म्हणून दोन्ही अर्ज हेच घेऊन गेले. परीक्षेच्या सकाळी क्लार्क यादीवर बोट फिरवून म्हणाला, "बाई, तुमचा अर्जच आलेला नाही."

हे पेन्सिलीला टोक काढत होते. मान वर न करता म्हणाले, "राहिला गं द्यायचा. आणि एका घरातून दोघं कशाला?"

तळपायाची आग मस्तकात गेली. पण घंटा झाली आणि हे आत गेले. पेपरात आर वीसचं गणित आलं. ह्यांनी न विसरता दुप्पट केलं. झाले पास!

फोरमन झाल्याच्या पहिल्याच सोमवारी पलीकडच्या लेथवर एकानं टूल जाळलं. हे सगळ्या शेडला ऐकू जाईल असे ओरडले, "आर आला की दुप्पट करायचं, किती वेळा सांगू?" मग माझ्या मशीनपाशी थांबून म्हणाले, "बाई, तुम्हीपण लक्षात ठेवा."

बाई म्हणाले मला! "हो साहेब," म्हटलं. चारचौघांत दुसरं काय म्हणणार?

त्या संध्याकाळी डबा घासायला काढला, तर ह्यांच्या पिशवीच्या आतल्या कप्प्यात माझा अर्ज सापडला. चार घड्या घातलेला, खाली माझी सही. मागच्या कोऱ्या बाजूवर ह्यांनी पेन्सिलीनं सरावाची गणितं सोडवली होती. सगळी बरोबर.