दारफाळणीच्या दिवशी वाजलेला अलार्म

"काका, दार उघडा! गोडाऊनचा अलार्म वाजतोय!"

मी एझराकाकांच्या दारावर थापा मारत होते. माझ्यामागे एक तरणाताठा पोलीस घड्याळ बघत उभा होता. दोन गल्ल्या पलीकडे लेसच्या गोडाऊनची घंटा नॉटिंगहॅमच्या शनिवारचं डोकं उठवत होती.

काका आत आहेत हे मला पक्कं ठाऊक होतं. सत्तर सालची दारफाळणी होती ती. बेने इस्राएल, म्हणजे आपले मराठी ज्यू, त्या दिवशी उपास धरतात, घराची दारं लावून घेतात, बाहेरच्या कुणाला भेटत नाहीत. हॅनाकाकू गेल्यापासून काका हा सण एकटेच पाळत.

पण कौन्सिलला कुठली दारफाळणी? अलार्म उगाच वाजतात, शेजारी वैतागतात, पोलिसांना हेलपाटे पडतात, म्हणून त्या उन्हाळ्यात नवा नियम निघाला होता. किल्ली ज्याच्या नावावर, त्याने बोलावल्याबरोबर हजर व्हायचं. नाही आला तर त्याचं नाव कमी, मालकाने दुसरा माणूस द्यायचा. आमच्या गोडाऊनची किल्ली काकांच्या नावावर होती. मीही तिथेच पॅकिंगला होते. ज्या गावाने भाड्याची खोली मागायला गेलेल्या काकांना दारातूनच परत पाठवलं, त्याच गावातल्या मालकाने आपली किल्ली त्यांच्या हातात दिली होती. ते तिला जिवापलीकडे जपत. रविवारच्या कोटालाही त्यांनी तिच्यासाठी आतून खिसा शिवून घेतला होता. मी चेष्टा करायचे, "काका, अंघोळीला जाताना तरी काढता का?"

"काका, हा नाव कापेल तुमचं!"

आत पावलं वाजली. "त्याला सॉरी सांग. आज जमायचं नाही."

"पाचच मिनिटं हो! नुसतं लॉक काढायचंय. देव काय एवढा..."

"उल्का." उपासाने आवाज बसला होता. "आज मी दुसऱ्या कुणाची ड्यूटी करत नाही गं."

असा राग आला मला! एवढा हट्ट कशासाठी? तेवढ्यात दारातली टपालाची पितळी झडप आतून उचलली गेली. दोन बोटं दिसली आणि किल्ली माझ्या पायाशी पडली. दार काही उघडलं नाही.

पोलिसाबरोबर मीच गेले. चोर कसला, मांजर! दाराजवळच्या ज्या चटईवर पाय पडला की अलार्म वाजतो, तिच्यावर बाईसाहेब ऐसपैस बसल्या होत्या. काका रोज तिला हाका मारून बाहेर काढत, मग कुलूप लावत. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत घर गाठायचं म्हणून त्यांनी घराच्या दारांसारखी गोडाऊनचीही दारं भराभर लावली, आणि ही आत राहिली.

दुसऱ्या दिवशी त्यांचा शिळा सण. उपास सुटल्यावर ओळखीच्यांकडे जायचा दिवस. काका गोड पुऱ्या घेऊन आले आणि माझ्या किचनमध्ये चहा पीत बसले. तिथेच मालक आले. टोपी हातात धरून म्हणाले, नाइलाज आहे, नियम आहे. मग माझ्याकडे वळून विचारलं, किल्ली तू ठेवशील का?

"मुळीच नाही," मी ताडकन म्हणाले.

"घे गं," काका मराठीत म्हणाले. "माझं दार वर्षातून एक दिवस बंदच राहणार. आजच सांगितलेलं बरं."

"पण काका, तुमची किल्ली..."

"माझी कुठली? त्यांच्या गोडाऊनची."

मला रडूच आलं. त्यांनी मात्र चहा संपवला, कप विसळून ठेवला आणि मला शिकवायला गोडाऊनवर घेऊन गेले. आत आले नाहीत. "नाव नाही ना आता," म्हणाले आणि फुटपाथवरूनच सांगत राहिले, आधी मागचं दार, मग खिडक्या, मग अलार्मचं बटण.

शेवटी बाहेर येऊन मी कुलपात किल्ली घातली. आदल्या दिवशी ते पोलिसाने लावलं होतं. मला काही केल्या फिरेना.

काकांचा हात पुढे आला. कुलपाच्या जवळ आला आणि तिथूनच त्यांनी तो मागे घेतला.

"सावकाश," ते म्हणाले. "जमेल तुला."