घरच्या चेंडूला दार बंद

ताईच्या संगणकावर एक पिवळी पट्टी झळकत होती : 'हे उपकरण या प्रणालीला मान्य नाही.'

उपकरण म्हणजे ताईचा चेंडू. बशीएवढ्या काळ्या बैठकीत बसवलेला, लिंबापेक्षा थोडा मोठा, लालभडक. तळहाताने फिरवला की पडद्यावरचा बाण फिरतो. त्याच्या बैठकीवर ज्या कंपनीचे नाव कोरलेले होते, तेच नाव संगणक सुरू होताना पडद्यावर मोठ्या दिमाखात उमटत होते.

"म्हणजे आईनंच पोराला ओळख दाखवली नाही," ताई म्हणाली. "आणि बाळ्या, हे सगळं तू 'प्रणालीची नवी आवृत्ती घालून देतो' म्हणालास त्यानंतर."

सत्तरी उलटली तरी मी ताईचा बाळ्याच आहे. तंत्रनिकेतनात यंत्रांची जुळणी शिकलो तेव्हापासून एका वेळी एकच बदल करायचा हा नियम मी पाळत आलो. त्या सकाळीही मी एकच बदल केला होता. तो उलटा फिरवता येत नाही, एवढे मात्र मला बदल झाल्यावर कळले.

ताई एका साप्ताहिकासाठी शब्दकोडे रचते. संधिवाताने तिच्या दोन्ही हातांची बोटे वळत नाहीत. साधा माउस धरता येत नाही, कळफलकाची तर गोष्टच नको. पडद्यावरची अक्षरे ती चेंडूने उचलते आणि चौकटीत नेऊन ठेवते. त्या दिवशीचे कोडे संध्याकाळपर्यंत पोचायला हवे होते, आणि ते अर्धेच झाले होते. आता यंत्रेही कोडी रचतात, ताईंना उगाच त्रास कशाला, असे संपादकांनी नुकतेच फार नम्रपणे सुचवले होते.

"एकदा चुकू दे," ताई म्हणाली, "की माझा त्रास कायमचा वाचवतील."

"तू सांग, मी अक्षरं भरतो."

"मागे भरली होतीस. प्रत्येक शब्दाला 'हा कशावरून?' म्हणून विचारत होतास. आणि मला सांगून रचता येत नाही रे. अक्षर सरकवता सरकवताच पुढचा शब्द सुचतो."

मी कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला आणि ताईला ऐकू जावे म्हणून आवाज मोठा ठेवला. पलीकडून एक गोड आवाजाची मुलगी बोलू लागली.

"आजोबा, ते मॉडेल नव्या सिस्टिमला चालत नाही."

"पण ते तुम्हीच बनवलंय."

"हो, म्हणजे आमच्या दुसऱ्या विभागानं."

"मग त्या विभागाला फोन जोडून द्या."

"तो विभाग आता नाहीये, आजोबा."

"बरं. दुसऱ्या कंपनीचा माउस चालेल?"

"कुठल्याही कंपनीचा चालेल."

मी फोन ठेवला. "परके सगळे चालतात," ताई म्हणाली. "घरचं माणूस तेवढं डोळ्यांत खुपतं."

मी तार तपासली, ती संगणकाच्या दुसऱ्या खाचेत घालून पाहिली, चेंडू काढून खालची धूळ पुसली. बैठकीतला दिवा नेमाने लागत होता. दोष चेंडूत नव्हताच. मग ताईचे ते परक्यांबद्दलचे वाक्य माझ्या मनात पुन्हा घोळू लागले. असे उपकरण जोडताक्षणी आपले नाव आणि घराणे सांगते. प्रणाली त्या नावासाठी लिहिलेला खास प्रोग्रॅम शोधते. तो कंपनीने काढून टाकला होता, म्हणून नकार. एखाद्या साध्या, निनावी माउसला मात्र कोणी काही विचारत नाही. चेंडूने आपली ओळख सांगितली नाही तर?

मी उठून ताईच्या कपाटावरची माझी पेटी खाली काढली. तीत जुने जोड, तारा आणि प्लग पाकिटांत घालून, वर नावे लिहून ठेवलेले आहेत. आमच्या घरी या पेटीला प्रवेश नाही, बायकोने तसे स्पष्ट बजावले आहे.

"काढलंस का भंगार," ताई म्हणाली, पण खुर्ची पुढे ओढून बसली.

फार वर्षांपूर्वी चेंडू घेतला तेव्हा त्याच्याबरोबर आलेला हिरवा गोल जोड मिळाला. त्या काळच्या माउसना गोल पिनांची जुनी जोडणीही चालत असे, आणि तीत नाव सांगायची सोयच नव्हती. आताच्या संगणकाला गोल खाच नसते. त्यासाठी एक छोटी डबी होती : एका टोकाला गोल खाच, दुसऱ्या टोकाला आजचा चपटा प्लग. ती प्रतिस्पर्धी कंपनीची होती. चेंडू हिरव्या जोडात, जोड डबीत आणि डबी संगणकात, असा सगळा लवाजमा मी जुळवला.

पडद्यावर शब्द उमटले : 'साधा माउस जोडला गेला.'

ताईने तळहात चेंडूवर ठेवला. बाण थेट चौकटीत जाऊन उभा राहिला.

"सरक आता," ती मला म्हणाली. "उजेड अडवतोयस."

दिवेलागणीच्या आत कोडे गेले. थोड्याच वेळात संपादकांचे उत्तर आले : 'मिळाले. तिसऱ्या उभ्या शब्दापाशी अडलो आहे. यंत्राचे कोडे चहा संपायच्या आत सुटले होते. पुढच्या आठवड्याचेही वेळेत पाठवा.' ताईने ते मला दोनदा वाचायला लावले. दुसऱ्यांदा नुसते यंत्राबद्दलचे वाक्य.

तेवढ्यात मदत केंद्राच्या त्या मुलीचा फोन आला.

"आजोबा, अडचण सुटली का?"

"सुटली."

"कशी? मला नोंद करावी लागते."

"आमच्या चेंडूनं तुमचं नाव सांगणं सोडलं."

पलीकडून कळफलकाच्या कळांचा आवाज आला.

"सोडलं," ती सावकाश म्हणाली. "लिहिलं, आजोबा."